नानांनी गाडी मऊ केली

गाडीतून कुणी उतरलं की नाना आधी विचारत, "कुटं लागलं?" भाड्याचं नंतर. आणि उत्तर द्यावंच लागे. "कुठं नाही" म्हटलेलं त्यांना पटत नसे. बायका पदर सावरत कंबर सांगत, म्हातारे मान सांगत, बाजाराहून आलेला एखादा चेष्टेखोर "नाना, मनाला लागलं" म्हणून पुढे सटके. नाना हसत नसत. मनाचं ते धरत नसत. कंबर आणि मान मात्र लक्षात ठेवत आणि पुढच्या खेपेला त्या माणसाला दुसऱ्या जागी बसवत.

मुळशी धरणाच्या कडेच्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सकाळी कामांची यादी केल्याशिवाय मला तेव्हाही चहा गोड लागत नसे आणि आजही लागत नाही. त्या यादीत 'नाना' हे नाव जवळजवळ रोज असे. पौडहून लशींची पेटी आणायची, नानांना सांगणे. अमक्याच्या सुनेला दवाखान्यात न्यायचे, नानांना विचारणे. एसटी होती, पण ती तिच्या वेळेला यायची. आजारपण आणि बाळंतपण आपापल्या वेळेला यायचं. गावात चार चाकांवर चालणारं दुसरं काही नव्हतं.

गाडी म्हणजे लिलावातून घेतलेला जीपचा पिकअप. पुढे दोघातिघांची जागा, मागे उघडा हौदा. नानांचा मुख्य धंदा भाताची पोती वाहण्याचा. पोती जास्त बसावीत म्हणून त्यांनी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा घालून घेतला होता. त्यामुळे भरलेली गाडी अगदी सरळ चाले. रिकामी झाली की मागून उठे आणि पुढून बसे. "नानांची गाडी नमस्कार करतीया" असं गाव म्हणायचं. रिकाम्या हौद्यात माणूस बसला तर प्रत्येक खड्ड्याला चाळणीतल्या दाण्यासारखा उडे. नानांना त्याचं काही वाटत नसे. "पोत्याला हाडं नसत्यात," असं ते सांगत. मी तिथे रुजू झाले तेव्हाचे नाना हे असे होते. 'कुटं लागलं' विचारणारे नाना नंतरचे.

मधे काय झालं ते सांगायला हवं. त्यांची एकुलती एक मुलगी शालन मुठा खोऱ्यात दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना लागला होता आणि एका सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला. नानांनी हौद्यात गोधड्या टाकल्या, तिची आई आक्का आणि मी तिला धरून बसलो आणि आम्ही पौडला निघालो. तो रस्ता मी पुन्हा लिहीत नाही. शालन वाचली, मूल हाती लागलं नाही. डॉक्टरांनी नानांना स्वच्छ शब्दांत सांगितलं, की वार आधीच सुटली होती, गाडीच्या धक्क्यांनी काही झालेलं नाही. मीही तेच सांगितलं. ते खरंच होतं. नानांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर मागं बसला न्हवता, बाई."

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. शालननेही नाही. ती सासरी गेली. बाप-लेक सणावाराला भेटत, पीकपाण्याचं बोलत, आणि एकमेकांच्या तोंडाकडे न बघता पान लावत. आक्का मला म्हणायच्या, "दोघं बी गप. मधी मी बडबडतीया येड्यासारखी."

पुढच्या वर्षी शालनला पुन्हा दिवस गेले. माहेरी आणायचं विचारायला नाना गेले आणि हात हलवत परत आले. विहीणबाईंनी चहा दिला होता, आणि चहाबरोबर हेही सांगितलं होतं की पोरगी या खेपेला त्या गाडीत बसणार नाही. नाना उपकेंद्राच्या पायरीवर बसून म्हणाले, "ती चुकीचं बोलली न्हाई. त्या गाडीत न्हाईच बसवायची. गाडीच दुसरी करायची."

नवी गाडी घेणं शक्य नव्हतं. त्यांना हीच गाडी दुसरी करायची होती. मागून उतरवायची, पुढून उचलायची आणि मऊ करायची. 'मऊ' हा त्यांचा शब्द. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं?" ते म्हणाले, "ते तुमी सांगायचं. मी पुढं बसतुया. मागं काय होतंय, मला काय ठावं? तुमी आज पेशंट व्हा."

माझ्या त्या दिवसाच्या यादीत हे नव्हतं. पण दुपारी मी गोधड्यांवर उताणी झोपले, अंगावर शाल घेतली आणि नाना मला घेऊन पौडच्या रस्त्याने पार पुढच्या वळणांपर्यंत गेले. जाताना पारावरच्या सगळ्यांनी पाहिलं. परत येईपर्यंत गावात बातमी फिरून झाली होती. उपकेंद्रापुढे माणसं उभी होती, एक म्हातारी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आली होती आणि कुणीतरी काळजीने विचारत होतं, "आता शुक्रवारची सुई कोण टोचणार?" मी उठून बसले तेव्हा जमलेल्यांची थोडी निराशाच झाली असं मला वाटलं. म्हातारीने आणलेलं वाया नको म्हणून दृष्ट काढलीच.

मी नानांना कागदावर लिहून दिलं. खड्ड्यात पडताना त्रास कमी आहे, खड्ड्यातून वर येताना पाठ आपटते. उताराकडे डोकं करून झोपल्यासारखं सगळं रक्त डोक्याकडे येतं, कारण गाडी पुढे झुकलेली आहे. वळणावर खांदा फळीवर बसतो. नानांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं वजन किती?"

"बाईमाणसाला वजन विचारता, नाना?"

"मला न्हाई पायजे. गाडीला सांगायचंय."

कामाला पौडच्या मिस्त्रीकडे सुरुवात झाली. मागचा जादा पाटा काढायचा म्हटल्यावर मिस्त्री थांबला. "नाना, भात कशात न्याल? सुगीला पोती चढवली की गाडी भुईला टेकंल." नाना म्हणाले, "पोती निम्मी चढवीन." "मग येपारी दुसरी गाडी बघंल." "बघू दे." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, बाई काही बोलतील म्हणून. पण बापाने काय करायचं ते ठरवलेलं होतं. पाटा निघाला. पुढचे पाटे तापवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान दिली गेली आणि गाडीचा नमस्कार संपला. बाहेरून पाहिलं तर काम झालं असंच वाटलं असतं.

पण चालवली तर पुढून खाड्खाड् आवाज येऊ लागला. मिस्त्रीने खाली वाकून दाखवलं. शॉकअप म्हणजे चाकाला बसलेला धक्का गाडीत पोचण्याआधी जिरवणारी नळी. गाडी उचलली तशी चाकं खाली राहिली आणि जुने शॉकअप आखूड पडले. चाक खाली गेलं की नळी पुरती ताणली जाऊन आपटायची. मिस्त्री म्हणाला, "लांबीचे घ्या, आन् कडक घ्या. कायमचं काम होईल." लांबीचं नानांनी ऐकलं, कडकचं नाही. मापासाठी त्यांनी एक सुतळी घेतली. चाक लोंबतं ठेवून एक गाठ मारली, हौद्यात माणसं बसवून दुसरी मारली, आणि ती सुतळी खिशात घालून आम्ही पुण्याला गेलो. मला औषधांच्या कामाला जायचंच होतं.

सुट्या भागांच्या दुकानात नानांनी केलेला प्रकार असा: काउंटरवरचा एकेक शॉकअप घ्यायचा, जमिनीवर उभा धरायचा, छातीचा भार देऊन दाबायचा आणि सोडून तो परत वर कसा येतो ते बघत राहायचं. दुकानदार पुणेरी सौजन्याने म्हणाला, "काका, ही भाजी नाही. सगळे सारखेच असतात."

"भाजी असती तर येवढा येळ लावला नसता," नाना म्हणाले. "ह्यो बघा, दाबला की जातुय, पर सोडला की टणकन् वर येतुय. माझ्या मागं बसणाऱ्याची पाठ ह्या वर येण्यात मोडती. बाईंनी लिहून दिलंय."

माझा कागद खरंच बाहेर आला. दुकानदाराने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि आतून आणखी एक खोका काढला. त्यातला शॉकअप सहज दबत होता आणि सावकाश वर येत होता. पुढच्यासाठी लांब, मागच्यासाठी आहे त्या मापाचे. सुतळीच्या दोन्ही गाठी पडताळून पाहिल्या. दुकानदाराने बजावलं, "ओझं घातलंत तर हे टिकणार नाहीत हं." नाना म्हणाले, "ओझं न्हाई घालायचं. लेक घालायचीय."

इथवर नानांचं सगळं विचाराने चाललं होतं. टायरच्या बाबतीत मात्र ते वाहवले. कुण्या ठेकेदाराच्या गाडीला त्यांनी उंच, रुंद, खोल खाचांचे टायर पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यात बसले होते. मिस्त्री म्हणाला, वळताना आत घासतील. नाना म्हणाले, "पुढून उचललीया की आता. जागा हाय." मीही म्हटलं, की रस्त्याचा खडा अन् खडा अंगाला लागेल इतके ते कडक आहेत. पण नाना तेव्हा ऐकण्याच्या पलीकडे होते. टायर बसले. गाडी खरोखर रुबाबदार दिसू लागली. नाना येता-जाता लांब उभे राहून तिच्याकडे बघत.

सरळ रस्त्याला सगळं ठीक होतं. घराकडे वळायच्या जागी स्टेअरिंग पुरतं फिरवलं आणि टायर पत्र्याला लागला. घर्रर्र. पुढे जाईना. मागे घेऊन पुन्हा वळवावी लागली. आक्का ओट्यावर निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काय दळताय?"

नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा आक्का म्हणाल्या, "बारीक दळा." तिसऱ्या दिवशी सकाळी टायर उतरलेले होते. मधल्या मापाचे, साध्या खाचांचे आणि मऊ अंगाचे टायर आले. त्यात हवाही ते हाताला थोडी दबेल इतकीच ठेवत. गाडी दोन बोटं खाली आली आणि रुबाब गेला. मला म्हणाले, "ते टायर माझ्या डोळ्याला पायजे व्हते, बाई. पोरीला न्हवते पायजे." चूक मान्य करायला त्यांना एवढी दोन वाक्यं पुरत. नंतर कुढत बसणं नाही.

मग आम्ही मुठा खोऱ्यात गेलो. मला शालनला तपासायचं होतं आणि नानांना विहीणबाईंना बसवायचं होतं. विहीणबाई उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला धारदार. दारातच म्हणाल्या, "मागच्या खेपेला भरली पोर पाठवली, आली ती रिकामी. आता कशाला आलाय?"

"गाडी बदललीया. बसून बघा. मग काय बोलायचं ते बोला."

"मी बसू? त्या हौद्यात?"

"तुमीच."

शालन चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं आणि ती ते दाबत होती. विहीणबाई खरंच चढल्या. गोधडीवर पाय पसरून बसल्या, डोक्यावरचा पदर घट्ट केला. गाडी गावाबाहेर ओढ्यापर्यंत जाऊन आली. रस्ता कसला, दगडगोटेच. विहीणबाई उतरल्या तेव्हा नानांनी सवयीने विचारलं, "कुटं लागलं?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सैल केला. "लागायचं ते मागंच लागलंय," त्या म्हणाल्या. "आज न्हाई लागलं. पोर पाठवते." मग, अगदीच कौतुक व्हायला नको म्हणून, "तुमी हळू चालवली म्हणून."

"जोरात चालवून दावू?"

"नको."

शालन माहेरी आली. मी आखणी केली: तारखेच्या आठ दिवस आधी तिला पौडला नेऊन ठेवायचं, म्हणजे धावपळ नको. कपडे, कागद, सोबत कोण, सगळं लिहून आक्कांच्या फळीवर लावलं. शालनने माझी आखणी मोडली. ठरलेल्या दिवसाच्याही आधी, श्रावणातल्या एका सकाळी आक्कांचा निरोप आला. मी पोचले तेव्हा गाडी अंगणात उलटी लावलेली, हौद्यावर ताडपत्री ताणलेली, गोधड्या अंथरलेल्या आणि इंजिन चालू. नाना स्टेअरिंगवर बसलेले होते.

मी आत जाऊन तपासलं. बाहेर येऊन म्हटलं, "नाना, गाडी बंद करा."

त्यांचा चेहरा उतरला. "का? काय झालं?"

"काही झालं नाही. मूल खाली आलंय, ठोके चांगले आहेत. निघालो तर वाटेत होईल. इथंच होऊ दे."

"बाई, आता वाट मऊ झालीया."

"मऊ झालीय, पण लांब आहे तेवढीच आहे."

त्यांनी गाडी बंद केली नाही. आम्ही आत होतो तोवर बाहेर इंजिन एकसारखं चालत होतं. गडबडीत मला त्याचा आधारच वाटला. काही बिघडलंच तर निघायला पाच मिनिटंही लागणार नव्हती. काही बिघडलं नाही. मुलगी झाली, ठणठणीत, आणि तिने पहिला सूर लावला तसं इंजिन बंद झालं. रडणं ऐकलं म्हणून त्यांनी ते बंद केलं की नीट ऐकू यावं म्हणून, ते मी विचारलं नाही. नात दाखवायला बाहेर आणली तर म्हणाले, "येवढं केलं, आन् गाडी जाग्यावरच ऱ्हायली." आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. उभी बी बरी दिसती."

पुढे सुगी आली. नानांनी काढलेला पाटा परत घातला नाही. भात निम्मं भरायचं आणि दोन खेपा करायच्या. एक व्यापारी तुटला, बाकीचे कुरकुरत राहिले. दवाखान्यात जाणारी माणसं मात्र वाढली. पलीकडच्या वाड्यांतूनही झोळी करून आजारी माणूस रस्त्यापर्यंत आणत आणि नानांची वाट बघत. माझी बदली झाली तेव्हाही ते तसंच चाललं होतं. काही वर्षांनी नाना गेल्याचं कळलं. मला पोचायला उशीर झाला होता, त्यामुळे शेवटचं दर्शन नाही. आठवण येते ती एका दुपारची.

बारसं होऊन, बाळंतिणीचे दिवस भरून शालन सासरी निघाली तो दिवस. आदल्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले होते. पायरीवर बसून बराच वेळ टोपी झटकत होते. मग म्हणाले, "उद्या वाटंत बोलीन म्हणतो तिच्याशी. त्या पयल्या पोराचं. माझ्या गाडीत गेलं ते. घरात आक्का असती, तितं जमत न्हाई. तिला पुढं माझ्याशेजारीच बसवतो. आक्काला म्हटलं, तू ऱ्हा घरी."

"बोला," मी म्हटलं. "तिलाही बोलायचं असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उपकेंद्रापुढे थांबली. मी रजिस्टर भरत होते. नाना आत आले, माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्याले आणि बाकावर बसले.

"पोचवली?"

"पोचवली. विहीणबाईनं ओवाळून आत घेतली."

"बोललात?"

"न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. ते भिंतीकडे बघत सांगू लागले. "पौडातनं निगालो आन् बारकी झोपली. म्हटलं, बरं झालं, आता काढावं. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, सगळं जुळवलं. पिरंगुटला वळताना बघतुय, तर शालन बी झोपलीया. मांडीवर पोर, आन् तिचं डोकं माझ्या ह्या खांद्यावर." त्यांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला. "घाटात गेर बदलायचा तर खांदा हलवायची चोरी. दुसऱ्यावरच चढवली सगळी. गाव आलं तवा डोळं उघडलं तिनं. म्हणाली, 'नाना, आलं बी?'"

"अहो, मग घाटाच्या वर गाडी थांबवून उठवायचं तिला. एवढं ठरवलं होतंत."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी अगदीच न समजल्यासारखं बोलले होते.

"उठवायला का मऊ केली व्हती गाडी, बाई?"